देव न मानणाऱ्या साडूंची देवीच्या बाजूने तक्रार

अर्ज लिहिणार: खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा अर्ज व प्रतिज्ञापत्रे लिहून देणे, राहणार शनिवार पेठ, पुणे. ज्यांच्याविषयी लिहिले ते: माझे सख्खे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे खात्यातून निवृत्त, राहणार कोथरूड. ज्यांच्यासाठी लिहिले त्या: त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणत असू. ज्यांच्याकडे दाद मागितली ते: एका जाडजूड, फार खपलेल्या कादंबरीचे लेखक. त्यांचे व कादंबरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमचे भांडण नावाशी नाही. घटनेचा काळ: गेल्या श्रावणापासून यंदाच्या माघापर्यंत. साक्षीदार: एक, माझी पत्नी, दोन, कोथरूडच्या वाचनालयातील ग्रंथपाल बाई, तीन, देवळाचे गुरव, जे साक्षीला येतील असे वाटत नाही.

खरे बोलण्याचे व्यसन जडलेला असा माणूस सबंध पुणे शहरात दुसरा सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. इतरांना तंबाखूचे व्यसन असते, ते निदान लपवता तरी येते. आमच्या साडूंचे व्यसन चारचौघांतच उफाळून येत असे. लग्नघरी यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारावे, "जिलेबी कशी झालीय?" आणि साडूंनी घास गिळून, नीट विचार करून सांगावे, "पाक कच्चा राहिलाय." एकदा त्यांच्याच खात्यातले एक साहेब वारले. शोकसभेत सगळे "देवमाणूस, देवमाणूस" म्हणून बसले. साडूंना उठवले, तर म्हणाले, "माणूस बरा होता. फार बरा नव्हता. पण वेळेवर यायचा." असे म्हणून ते खाली बसले. मागे बसलेल्या त्या साहेबांच्या विधवा पत्नी पुढे ताईंना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी तेवढं एकच वाक्य माझ्या यजमानांबद्दल होतं हो." म्हणजे त्यांच्या या सवयीचा कोणाला उपयोग होत नसे असे नाही, पण तो झालाच तर उशिरा होई.

नोकरीत त्यांनी उभा जन्म लोकांचे तराजू तपासण्यात घालवला. मार्केट यार्डात ते शिरले की आडत्यांच्या गाळ्यांवरून निरोप पुढे पळत असे, "आले, काटा पुसा!" निवृत्तीनंतर सरकारने त्यांचा अधिकार काढून घेतला, पण नजर काढून घेण्याची तरतूद नियमात नसावी. भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघणे, दूधवाल्याचे माप पाण्याने भरून तपासणे, सोसायटीच्या फलकावरच्या सूचनेत "काही सभासद" असे लिहिले असेल तर खाली पेन्सिलीने "किती? नावे?" असे विचारणे, हे सर्व चालूच राहिले. मी त्यांच्याकडे पोचून "आत्ता पाच मिनिटांत निघालो आणि आलो" म्हणालो की ते घड्याळाकडे बघत. "वकीलसाहेब," ते म्हणत, "शनिवार पेठेतून पाच मिनिटांत इथं हेलिकॉप्टरही येत नाही." ते मला वकीलसाहेब म्हणत. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी तीस वर्षांच्या सरावाने माझा मसुदा भल्याभल्या वकिलांच्या मसुद्याशेजारी मान वर करून उभा राहतो, याची त्यांना कल्पना असावी. मी त्यांना साडूबुवा म्हणत असे.

देवाशी मात्र त्यांचे बोलणे बंद होते. "देव नाही" असेही ते म्हणत नसत, कारण ते सिद्ध करता येत नाही. "माझा आणि त्याचा व्यवहार संपला," एवढेच म्हणत. सोसायटीच्या गणपतीत ते मांडवाच्या बाहेर, पायात चपला तशाच ठेवून उभे राहत. आरतीला टाळी मात्र वाजवत, कारण बाकीच्यांची टाळी तालाच्या पुढे धावे आणि ते त्यांना सोसत नसे. दर वर्षी चैत्रात ते ताईंना त्यांच्या माहेरच्या कुलदेवीला नेत. घाटापलीकडचे लहानसे गाव, टेकडीवर देऊळ, खाली पायऱ्यांशी जांभळीचे झाड. ताई वर जात आणि साडूबुवा जांभळीखाली वर्तमानपत्र उघडून बसत. कोणी विचारले, "वर येणार नाही का?" तर म्हणत, "मी चपला राखायला येतो." ताई अनवाणी पायऱ्या चढत आणि त्यांच्या चपला यांच्या मांडीशेजारी असत. वारा आला तर चपलांवर हात ठेवून ते अग्रलेख वाचत.

हा व्यवहार का संपला, ते इथे एकदा सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. त्यांना एक मुलगा होता. सातवीत असताना त्याला मेंदूचा ताप झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ताई मुलाला नवऱ्याच्या ताब्यात देऊन पहाटेच्या एसटीने देवीला गेल्या. देवीची ओटी भरली, आणि आमच्याकडच्या बायका करतात तसे पदर पसरून म्हणाल्या, "आई, याला तुझ्या ओटीत घातला. आता तो तुझा." त्या परत आल्या त्याच संध्याकाळी मुलगा गेला. त्या दिवसापासून साडूबुवा देवळाची पायरी चढले नाहीत. ताईंनी मात्र दुसरा अर्थ लावला. मुलगा गेला नाही, देवीने तो ठेवून घेतला. ओटीत घातला होता, ओटीतच आहे. चैत्रात त्या देवीला भेटायला जात, पण जाताना पिशवीत बेसनाचे लाडू असत, जे देवीला नव्हे, मुलाला आवडत. एवढ्या एका गोष्टीवर ती बाई पुढची सगळी वर्षे हसतमुखाने जगली. साडूबुवांनी या बाबतीत, एवढ्या एकाच बाबतीत, कधी दुरुस्ती सुचवली नाही.

आणि श्रावणात ती कादंबरी घरात आली.

तेव्हा सगळे कोथरूड ती कादंबरी वाचत होते. बसमध्ये, दवाखान्यात, शिकवणीच्या वर्गाबाहेर पोरांची वाट बघणाऱ्या आयांच्या हातांत तेच काळे-सोनेरी मुखपृष्ठ. ताईंच्या भिशीतल्या एका बाईंनी ती त्यांना दिली. कोणताही दस्तऐवज मी जसा पहिले आणि शेवटचे पान वाचून समजून घेतो तशीच ती कादंबरी मी वाचली आहे. मधला भाग पत्नीने सांगितला. तो असा: घाटापलीकडे एक देवीचे देऊळ. परचक्राच्या काळी पुजाऱ्यांनी मूळ मूर्ती रातोरात हलवली आणि गाभाऱ्यात एका पाथरवटाकडून घडवलेला साधा दगड बसवला. मूळ देवी परत आलीच नाही. हे गुपित राखणारे एक गुप्त मंडळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि जो शोध घेतो त्याचा खून पडतो. नायक परदेशातून आलेला संशोधक. तो शेवटी भुयारात उतरतो, दगडाखालची शिळा उचलतो आणि त्याला कळते की एवढी शतके लोकांनी रिकाम्या जागेपुढे नवस केले. गावाचे नाव बदललेले आहे. पण टेकडी तीच, वळणावरचे टाके तेच, जांभळीचे झाडसुद्धा तेच. आमच्या सासरच्या कोणालाही विचारा, देऊळ कोणते ते डोळे मिटून सांगेल.

माझ्या पत्नीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "दगड तर दगड. आपण हात जोडले की झालं." ताईंना ते जमले नाही. त्यांनी शेवटचे पान वाचले, चष्मा काढला आणि बराच वेळ खिडकीतून खालच्या दुचाक्या बघत बसल्या. मग साडूबुवांना म्हणाल्या, "अहो, ती तिथं नव्हतीच, तर मी त्याला कोणाच्या ओटीत घातलं हो?"

हे मला साडूबुवांनी स्वतः सांगितले. माझ्या टेबलाशी, कचेरीच्या आवारात, दोन अशिलांच्या मध्ये बसून सांगितले. मी म्हणालो, "साडूबुवा, तुम्ही म्हणायचंत, सगळं खोटं आहे." ते म्हणाले, "मला काय माहीत खोटं आहे का ते? मी इतक्या वर्षांत वर कुठं गेलोय? आधी तपासायला नको?" दुसरा कोणी असता तर बायकोच्या पाठीवरून हात फिरवून मोकळा झाला असता. हे गृहस्थ वाचनालयाचे सभासद झाले.

इथून त्या कादंबरीची तपासणी सुरू झाली. ज्या माणसाने देवाशी बोलणे टाकले होते तो देवीच्या बाजूने पेन्सिल घेऊन उभा राहिला. अमावास्येच्या रात्री नायकाला चांदण्यात खुनी दिसतो: समासात "कसा?" स्वारगेटहून निघून तो चहा गार व्हायच्या आत घाट चढतो: "स्वारगेटचा चौक ओलांडून दाखवा." एका हातात विजेरी धरून दुसऱ्या हाताने तो गाभाऱ्यातली शिळा उचलतो, तिथे तर साडूबुवांनी शिळेचे लांबी-रुंदीवरून वजन काढून पूर्ण समास भरला आणि खाली लिहिले, "नायकाचा खांदा तपासावा." वाचनालयात कादंबरीच्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या सगळ्यांवर, एकामागून एक घरी नेऊन, त्यांनी ह्याच दुरुस्त्या केल्या. शेवटी ग्रंथपाल बाईंनी त्यांना गाठले.

"आजोबा, आम्ही पुस्तकं वाचायला देतो. तपासायला नाही."

"चुका आहेत म्हणून तपासली."

"मग बाकीचीही कपाटं आहेत. एकदम सगळं वाचनालयच घ्या ना तपासायला."

साडूबुवांनी या सूचनेचा गंभीरपणे विचार केला आणि नाही म्हणाले. पण नकाराबरोबर आभारही मानले.

वाचकांना ठाऊक असेल, आपल्याकडे वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी आपापला अभिप्राय टाकण्याची पद्धत आहे. ती नियमात नाही, किंबहुना नियमाविरुद्ध आहे. पण ज्या पुस्तकाचे शेवटचे पान कोरे ते पुस्तक कोणी नेत नाही. त्या कादंबरीचे शेवटचे पान तर एखाद्या ग्रामसभेसारखे झाले होते. "अप्रतिम! हातातून सोडवत नाही." त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "म्हणूनच दोन महिने परत केली नाहीत का?" "रात्रभर झोप आली नाही." त्याखाली, "मला तिसऱ्या प्रकरणात आली." "लेखकाचा अभ्यास दांडगा." "हिंमत लागते हो असं सत्य लिहायला." साडूबुवा ही पाने उतरवून घेऊ लागले. त्यांचा हेतू सरळ होता. अनुकूल आणि प्रतिकूल अभिप्राय समोरासमोर ठेवावेत, प्रतिकूल पारडे जड भरले तर ताईंना दाखवावे. पण पारडे काही केल्या त्यांच्या बाजूला झुकेना. मग ते माणसांकडे वळले. बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "अहो, मागे संदर्भांची यादी आहे चक्क!" साडूबुवा म्हणाले, "यादी किराण्याचीही असते." सोसायटीतली संगणकवाली मुलगी लिफ्टमध्ये आम्हा दोघांना भेटली, म्हणाली, "काका, कसली भारी आहे! मी एका बैठकीत संपवली." "तरीच," साडूबुवा म्हणाले, "विचार करायला मधे उठायला लागतं." मुलगी हसली. ते हसले नव्हते. लिफ्टमधून उतरल्यावर ते जिन्यापाशीच थांबून मला म्हणाले, "वकीलसाहेब, ही सगळी हुशार माणसं आहेत. एकालाही विचारावंसं वाटत नाही की तिथं खरंच काय आहे. त्यांचं कोणी तिथं ठेवलेलं नाही ना."

आणि मग जे झाले ते फक्त पुण्यातच होऊ शकते. साडूबुवांच्या समासातल्या दुरुस्त्यांची कीर्ती पसरली. लोक ग्रंथपाल बाईंना सांगू लागले, "ती पेन्सिलवाली प्रत द्या." कादंबरीची मागणी दुप्पट झाली. आणि शेवटच्या पानावर, सगळ्या अभिप्रायांच्या खाली, कोणा चतुर वाचकाने लिहिले: "समासात एवढ्या तळमळीने खोटे ठरवणारा हा इसम त्या गुप्त मंडळाचाच सभासद असणार. वाचकांनी सावध राहावे." त्याखाली आणखी दोघांनी लिहिले, "सहमत." "मलाही हाच संशय होता."

मी हसून हसून टेबलाला धरून उभा राहिलो. देवाशी व्यवहार संपवलेला माणूस पुजाऱ्यांच्या गुप्त मंडळात! पण ती प्रत भिशीतून फिरत ताईंकडे पोचली होती. त्या संध्याकाळी त्यांनी साडूबुवांपुढे चहा ठेवला आणि अडखळत विचारले, "तुम्ही नाही ना हो त्यांच्यातले?" साडूबुवांनी वर पाहिले. बाई विनोद करत नव्हत्या. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर त्या नवऱ्याचा चेहरा परक्यासारखा निरखत होत्या. "दर वर्षी तुम्ही खालीच का बसायचात?" त्या म्हणाल्या. "वर काही नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

साडूबुवा म्हणाले, "मला काहीच माहीत नव्हतं." हे अर्थातच खरे होते, पण काही कामाचे नव्हते.

नवरात्रात ताईंनी घट बसवले नाहीत. परडी, माती, सात धान्ये, सगळे साडूबुवांनी स्वतः मंडईतून आणून ओट्यावर मांडले. माती भाजीच्या काट्यावर तोलून घेतली होती. ताई आल्या, बघितले आणि म्हणाल्या, "कोणासाठी?" ती माती दसऱ्यापर्यंत तशीच ओट्यावर राहिली. ताईंचे हृदय आधीपासूनच अधू होते; दिवाळीच्या सुमारास त्यांनी अंथरूण धरले. डॉक्टर म्हणाले, औषधे लागू पडायला हवीत, पण पेशंटने मनावर घ्यायला हवे. मनावर घेण्यासाठी जे लागते ते औषधाच्या दुकानात मिळत नव्हते.

तेव्हा साडूबुवा माझ्याकडे रीतसर अर्ज लिहून घ्यायला आले. लेखकांना, प्रकाशकांच्या पत्त्यावर. मी बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली: "असंख्य भाविकांच्या भावना तीव्र दुखावल्या असून..."

"थांबा," ते म्हणाले. "असंख्य नाहीत. एक. माझी बायको."

"अहो, एकाला कोण विचारतो? जरा जोर यायला हवा."

"जोर नको. आणि भावना दुखावल्या हे शब्द तर मुळीच नकोत. ते वाचून लोक दगड घेऊन निघतात. त्या माणसाच्या केसाला धक्का लागता कामा नये. त्यानं गोष्ट लिहिली, तो त्याचा धंदा आहे. मला फक्त उत्तर हवंय."

माझ्या सबंध कारकिर्दीतला सर्वांत दुबळा अर्ज मी त्या दिवशी लिहिला. मूर्ती हलवल्याचे आपण लिहिले आहे, ते आपणास कोठून कळले, की आपण ते रचले, एवढेच कृपया कळवावे. पत्नी आजारी आहे. पुष्कळ दिवसांनी प्रकाशकांचे छापील उत्तर आले: आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल लेखक आपले ऋणी आहेत, कादंबरीचा दुसरा भाग लवकरच येत आहे. साडूबुवांनी ते दोनदा वाचले. "अभिप्राय?" ते म्हणाले. "मी प्रश्न विचारला होता." मी त्यांना दाखवून दिले की पुस्तकाच्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत 'सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक' असे छापलेले आहे. ते म्हणाले, "तेही दाखवलं तिला. ती म्हणाली, कोर्टाच्या भीतीनं लिहावं लागतं तसं. तुमचीच मेहुणी आहे, वकीलसाहेब. कायदा कळतो."

आता एकच तपासणी उरली होती. मार्गशीर्षात एका सकाळी साडूबुवा एकटे घाटापलीकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितले ते असे. जांभळीखाली आता चहाच्या टपऱ्या आहेत. पायऱ्यांवर कादंबरी हातात घेतलेली तरुण मंडळी भुयार शोधत होती, आणि गुरव त्यांना देवळामागची सांडपाण्याची मोरी 'भुयाराचे तोंड' म्हणून दाखवत होते. साडूबुवांनी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "मूर्ती जुनीच आहे की बदललेली?"

गुरव म्हणाले, "सायेब, खरं सांगू का? पुस्तक आल्यापास्नं गर्दी वाढलीय. मी कशाला काय बोलू?"

"पण तुमच्या आजा-पणज्यांनी काही सांगितलं असेल."

"त्यांनी पूजा करायला सांगितली. करतोय."

मग साडूबुवांनी चपला काढल्या. राखायला कोणी नव्हते. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा ते पायऱ्या चढून वर गेले, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि आत पाहिले. समई वाऱ्याने विझलेली होती. शेंदराचा वास येत होता. मागून कोणीतरी म्हणाले, "काका, फोटोत येताय, जरा बाजूला." ते बाजूला झाले.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा मी आणि माझी पत्नी ताईंपाशी बसलो होतो, म्हणून पुढचे मी प्रत्यक्ष पाहिलेले लिहितो. ताईंना सकाळपासून माहीत होते ते कुठे गेलेत. त्यांनी उशीवरून मान वळवली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मागणारे भाव होते.

"वर गेलात?"

"गेलो."

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"होती का हो ती?"

माझी पत्नी ताईंच्या पायाशी उभी राहून साडूबुवांकडे बघत होती. तिने डोळ्यांनी, ओठांनी, सगळ्या चेहऱ्याने त्यांना सांगितले, हो म्हणा. मीही सांगितले. उभ्या पुण्यात दुसरा कोणीही असता तरी हो म्हणाला असता. साडूबुवांनी प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगतो. माणूस जड पोते उचलताना दिसतो तसे ते दिसत होते. आणि मग ते म्हणाले, "आत अंधार होता. मला नीट दिसलं नाही."

ताई म्हणाल्या, "असू दे. दमला असाल. चहा घ्या." आणि भिंतीकडे कूस वळवली. स्वयंपाकघरात माझी पत्नी त्यांना नाही नाही ते बोलली. "भावोजी, एक शब्द! एक शब्द नाही निघाला तुमच्या तोंडून?" साडूबुवा ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "तिला कळलं असतं गं. मी खोटं बोललेलं तिनं कधी ऐकलेलं नाही, पण तिला कळलं असतं. मग त्या 'हो'ला वजन काय राहिलं असतं?"

माघात ताई गेल्या. जाण्यापूर्वी देवीचे नाव त्यांनी घेतले नाही, मुलाचेही नाही. गॅसवर दूध आहे का, एवढे विचारले होते.

तेव्हापासून साडूबुवा कोणाला दुरुस्त करत नाहीत. मी "पाच मिनिटांत आलो" म्हणतो, ते "बसा" म्हणतात. भाजीवाली काटा त्यांच्याकडे वळवून दाखवते, ते बघत नाहीत. लोकांना वाटते म्हातारा निवळला. मला ते बघवत नाही. मागच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले, समोरच्या बाकावर बसले, आणि अशील उठून जाईपर्यंत थांबून म्हणाले, "वकीलसाहेब, त्या लेखकाला परत लिहायचंय. आधी आपण चुकीचं मागितलं. खरं काय ते विचारलं. त्याला ते माहीत नसणार. पण देवी हलवली ती त्यानं, कागदावर. मग परत बसवणंही त्याच्याच हातात आहे की नाही? दुसरा भाग येतोय म्हणे. त्यात एक ओळ."

मी विचारले, "त्यानं काय होणार, साडूबुवा? ताई तर..."

"फोटो आहे ना तिचा. मला तिच्यापुढं ते म्हणायचंय. नुसतं म्हणता येत नाही, मी रोज प्रयत्न करतो. पण छापून आलं तर वाचून दाखवता येईल. छापलेलं वाचून दाखवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे." मग त्यांनीच विचारले, "नाही ना?"

मी म्हणालो, "कायद्याने नाही."

सबब, कादंबरीच्या लेखकमहाशयांस या लेखाद्वारे जाहीर विनंती अशी की: (१) मूळ अर्ज ज्यांच्यासाठी होता त्या मयत झाल्या असल्याने त्यांच्या जागी त्यांचे पती यांचे नाव वारस म्हणून लावून अर्ज पुढे चालवावा. (२) येणाऱ्या दुसऱ्या भागात, आपल्या सोयीच्या कोणत्याही प्रकरणात, मूळ देवी गाभाऱ्यात परत आल्याचे, किंवा ती तेथून कधी हललीच नव्हती असे, एका वाक्यात लिहावे. खून, भुयार, नायक, नायिका यांबाबत अर्जदाराची काहीही हरकत नाही. (३) तिच्या ओटीत एक मुलगा आहे, एवढे लिहिता आले तर लिहावे, आग्रह नाही. (४) दुसरा भाग निघण्यास विलंब असल्यास तोवर हेच वाक्य स्वतंत्र कागदावर, आपल्या सहीनिशी, छापून पाठवावे. हाताने लिहिलेले चालणार नाही, छापीलच हवे.

अर्जदाराचे वय झाले आहे. उत्तर लवकर मिळावे, ही विनंती.